मांजराचं पोट बिघडतं तेव्हा

श्रोतेहो, मांजराची हगवण हा काही जेवणानंतर ऐकण्याचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा तो आज घेतला, याला कारण आहे. पिलांचे दिवस आले की एखाद्या चाळीत किंवा वाडीत आठ-दहा दिवसांत चार मांजरं मरतात. पहिलं ओकतं, खाणं टाकतं, कोपरा धरून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली ताठ झालेलं सापडतं. मग दुसरं. तिसरं गेलं की कुजबुज सुरू होते, "कुणीतरी विष घातलं हो!" ज्या घरचं दूध मांजरानं दोनदा सांडलेलं असतं त्या घराकडे बोटं वळतात, आणि वीस वर्षांचा शेजार आठवड्यात तुटतो. विष घालणारी माणसं जगात नाहीतच असं मी म्हणणार नाही. विषारी गोळी खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर दगावतं. पण पिलं आणि लहान वयाची मांजरं अशी एकामागून एक जायला लागली, तर शेजाऱ्याच्या आधी संशय घ्यायला हवा तो एका विषाणूचा.

त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाचं नाव लांबलचक आहे: पॅनल्युकोपेनिया. तीन ग्रीक शब्द एकत्र शिवलेले आहेत आणि अर्थ एवढाच, की सगळ्या पांढऱ्या पेशींची तूट. विषाणू पार्व्हो जातीचा. लॅटिन भाषेत पार्व्हो म्हणजे चिमुकला, आणि हे नाव त्यानं सार्थ केलं आहे. एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे ५०,००० कण शेजारी शेजारी बसतील. १९२८ साली फ्रान्समध्ये व्हेर्ज आणि क्रिस्तोफोरोनी या दोघांनी दाखवून दिलं, की नेहमीचे जंतू अडवून धरणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचं बीज आरपार निघून जातं. तेव्हा ते डोळ्यांनी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते आहे, एवढंच कळलं.

इतका लहान जीव (त्याला जीव म्हणावं की नाही हा वाद आपण बाजूला ठेवू) स्वतःजवळ सामान तरी किती बाळगणार? त्याच्या जनुकांच्या पोथीत जेमतेम ५,००० अक्षरं आहेत. स्वतःची नक्कल करायला लागणारी हत्यारं त्याच्यापाशी नाहीत. ती तो पेशीकडून उसनी घेतो. पण पेशी तरी ती हत्यारं रोज बाहेर काढून ठेवते का? नाही. एका पेशीच्या दोन व्हायच्या असतात तेव्हाच ती काढते. म्हणून हा विषाणू शरीरात जिथं पेशी भराभर वाढतात तिथंच मुक्काम ठोकतो. अशा जागा मुख्यतः तीन. आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज आणि लसिकाग्रंथी. पुढं जी लक्षणं दिसतात ती सगळी या एका गोष्टीतून निघतात.

आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. त्या लवेच्या टोकावरच्या पेशी अन्नरस शोषून घेतात, थोड्या दिवसांत झिजून गळतात, आणि त्यांची जागा घ्यायला बुडाशी असलेल्या खाचांतून नव्या पेशी वर सरकत येतात. कोकणातल्या श्रोत्यांना हे भाताच्या उदाहरणानं चटकन कळेल. लावलेल्या रोपांचे शेंडे गुरांनी खाल्ले तर नुकसान होतं, पण रोप पुन्हा फुटतं. तरवाच करपला तर लावणी कशाची करणार? पॅनल्युकोपेनियाचा विषाणू तरवा करपवतो. लव झिजत राहते आणि भरून येत नाही. आतड्याची भिंत उघडी पडते. पाणी शोषलं जात नाही, म्हणून जुलाब. कधी पाण्यासारखे, कधी रक्ताचे. उघड्या भिंतीतून आतड्यातलेच जंतू रक्तात शिरतात. एरवी त्यांना अडवायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, पण त्या जिथं तयार होतात तो हाडांतला मगजही याच वेळी विषाणूच्या ताब्यात गेलेला असतो. भिंत पडली आणि पहारेकरीही पळाले, अशी अवस्था. निरोगी मांजराच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५,५०० ते १९,५०० असतात. त्या १,०००च्या खाली उतरल्या की डॉक्टरचा चेहरा गंभीर होतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सगळ्याच मांजरांना जुलाब होतात असं नाही. काही पिलं जुलाब सुरू होण्याआधीच, एका दिवसात जातात. विषाचा संशय येतो तो बहुधा यामुळेच. काहींना फक्त ताप आणि ओकाऱ्या होतात. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं, तहानेलं असून पाणी न पिणारं मांजर ज्यानं एकदा पाहिलं तो ते विसरत नाही. आणि गाभण मांजरीला लागण झाली तर पोटातल्या पिलांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते. अशी पिलं जन्मतात ती चालताना झिंगल्यासारखी डोलतात, वाटीवर तोंड नेताना त्यांची मान थरथरते. लोक म्हणतात, पिलू झपाटलेलं आहे. झपाटलेलं नसतं. त्याला वेदना नसतात, त्याचं डोलणं वाढतही नाही, आणि जरा सांभाळून घेतलं तर ते घरात पुष्कळ वर्षं आनंदात काढतं.

हा विषाणू किती माणसं, माफ करा, किती मांजरं मारू शकतो याचा एक हिशेब इतिहासात नोंदलेला आहे. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला मॅरिअन नावाचं दक्षिण आफ्रिकेचं एक थंडगार बेट आहे. तिथल्या हवामान केंद्रात उंदरांचा उपद्रव फार, म्हणून १९४९ साली पाच मांजरं नेण्यात आली. उंदीर राहिले बाजूला. जमिनीत बिळं करून राहणारे समुद्रपक्षी मांजरांना आयते सापडले. १९७७पर्यंत पाचांची सुमारे ३,४०० मांजरं झाली होती आणि वर्षाला लाखो पक्षी फस्त होत होते. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी बेटावर जाणूनबुजून पॅनल्युकोपेनियाचा विषाणू सोडला. १९८२ साली मोजदाद झाली तेव्हा मांजरं ६००च्या थोडी वर उरली होती. उपाय क्रूर होता की नव्हता, यावर मत देण्याचं हे ठिकाण नव्हे. पक्ष्यांच्या बाजूनेही बोलणारं कुणी हवंच. पण मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. इतकं होऊनही विषाणूनं मांजरं संपवली नाहीत. घट मंदावली, आणि उरलेली मांजरं बंदुका आणि सापळे लावून १९९१पर्यंत काढावी लागली. (मांजरं गेल्यावर उंदरांनी अल्बट्रॉस पक्ष्यांची पिलं कुरतडायला सुरुवात केली, पण ते वेगळं आख्यान आहे.)

विषाणू थांबला का? कारण जी मांजरं वाचली त्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली होती. एकदा हा रोग होऊन बरं झालेलं मांजर सहसा पुन्हा त्याला बळी पडत नाही. शिवाय अशी मांजरी व्याली की पहिल्या चिकाच्या दुधातून ती पिलांनाही काही आठवड्यांपुरतं संरक्षण देते.

लसीचं वेळापत्रक याच गोष्टीवर बेतलेलं आहे. "डॉक्टर, एकच सुई पुरे नाही का? दर तीन-चार आठवड्यांनी कशाला बोलावता?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर असं, की आईकडून आलेली प्रतिद्रव्यं रोगाचा विषाणू आणि लसीतला विषाणू यांच्यात फरक करत नाहीत. लसीलाही ती निकामी करतात. ती कुणाच्या अंगात आठ आठवडे टिकतात, कुणाच्या सोळा. कोणत्या पिलाची शिदोरी कधी संपेल हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी एक, आणि सहा महिन्यांनंतर ते वर्षभराच्या आत आणखी एक. पुढं दर तीन वर्षांनी पुरते. पहिली लस दिली आणि 'झालं आमचं काम' म्हणून जे घरी बसतात, त्यांचं पिलू तीन महिन्यांचं असताना नेमकं उघड्यावर पडतं. गाभण मांजरीला मात्र जिवंत विषाणूची लस देऊ नये. पोटातल्या पिलांना ती बाधते.

कुत्री पाळणाऱ्यांनीही इथं कान द्यावा. १९७८च्या सुमारास जगभरची कुत्री एका नव्याच रक्ती हगवणीनं मरू लागली. तो विषाणू मांजरांच्या या विषाणूतून किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावंडातून, वरच्या कवचात थोडेच बदल होऊन निघाला होता. नवी लस तयार होईपर्यंत डॉक्टरांनी मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचून निभावलं. कुत्र्यांतला तो पहिला विषाणू मांजरांत वाढत नसे. पण थोड्याच काळात त्याचे नवे प्रकार आले आणि ते मात्र मांजरांत वाढू लागले. तेव्हा आज एखाद्या मांजराला झालेला पार्व्हो कुत्र्याकडूनही आलेला असू शकतो.

आता दुसरा विषाणू. याचं नाव घेतलं की आजकाल माणसं दचकतात: कोरोना. घाबरू नका. मांजरांचा हा कोरोना निराळा आहे, तो माणसाला होत नाही, आणि २०२०च्या साथीशी त्याचा संबंध नाही. तो आतड्याच्या लवेची टोकं खातो, तरवा शाबूत राहतो. म्हणून बहुतेक मांजरांना चार दिवस पातळ होतं आणि आपोआप थांबतं. कित्येकांना तेवढंही होत नाही. विष्ठेतून मात्र तो आठवडेच्या आठवडे, काही मांजरांतून महिनोन्महिने बाहेर पडत राहतो. जिथं पाच-सहा मांजरं एकाच रेतीच्या घमेल्यात जातात तिथं तो घरभर फिरतो. बाहेर हिंडून दर वेळी नवी माती उकरणाऱ्या मांजरात तो कमी आढळतो.

मग याच्याबद्दल बोलायचं कशाला? कारण लागण झालेल्या शंभर मांजरांपैकी पाच-दहा मांजरांत हा आतड्यातला गरीब विषाणू आपलं रूप पालटतो, आतडं सोडून रक्तातल्या भक्षकपेशींत शिरतो, आणि पोटात पाणी भरणारा किंवा मूत्रपिंड, डोळे, मेंदू यांत गाठी करणारा भयंकर रोग उत्पन्न करतो. बॉस्टनमधल्या डॉक्टर जीन होल्झवर्थ यांनी १९६३ साली या रोगाचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षं हे निदान म्हणजे मृत्युपत्रच होतं. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ या औषधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. ३१ आजारी मांजरं होती, त्यांतली २५ बरी होऊन जगली. पशुवैद्यकात असे दिवस फार थोडे येतात. २०२३ साली सायप्रस बेटावर या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा असं आढळलं की तिथल्या मांजरांच्या कोरोनानं कुत्र्यांच्या कोरोनाचा एक तुकडा आपल्यात जोडून घेतला आहे. तिथल्या सरकारनं माणसांच्या कोविडसाठी साठवलेली औषधं मांजरांसाठी खुली केली.

याखेरीज आतड्यात सापडणारे विषाणू पुष्कळ आहेत. चाकासारखा दिसणारा रोटा, चांदणीसारखा दिसणारा अॅस्ट्रो, नोरो, बोका (या बोकाचा आपल्या बोक्याशी काही संबंध नाही), अशी यादी वाढत चालली आहे. यांतले बहुतेक पिलांना दोन-चार दिवसांची हगवण लावून निघून जातात. रोटाचे काही प्रकार क्वचित मांजराकडून माणसाकडे आलेले आढळले आहेत, तेव्हा घमेलं साफ केल्यावर साबणानं हात धुण्याचा कंटाळा करू नये.

पण यादी लांबली म्हणजे ज्ञान वाढलं, असं मात्र समजू नका. पूर्वी विषाणू सापडणं कठीण होतं. आज विष्ठेतल्या झाडून सगळ्या जनुकांचं वाचन करता येतं, आणि मग विषाणू सापडतातच. धडधाकट मांजराच्या पोटातही सापडतात. गर्दीत एखाद्याचा खिसा कापला गेला आणि पोलिसांनी गर्दीतल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली, म्हणून चोर सापडला असं होत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८-१९च्या हिवाळ्यात तीन प्राणी-आश्रमांतल्या मांजरांना ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. नेहमीच्या चाचण्यांत नेहमीचा आरोपी हाती लागेना. तेव्हा जनुकांचं वाचन केलं आणि पार्व्होच्या गोतातला एक अगदी नवा विषाणू मिळाला. सोबत बोका जातीचेही होते. मिळाला तो आजारी मांजरांत मिळाला, साथीच्या काळात मिळाला. संशय घ्यायला एवढं पुरेसं आहे. शिक्षा ठोठवायची तर निरोगी मांजरांत तो किती आढळतो, एकट्यानं रोग उत्पन्न करतो की दुसऱ्याच्या जोडीनं, हे तपासावं लागतं. शिवाय हगवणीला विषाणूच लागतो असं कुठं आहे? जंत आहेत, जिआर्डियासारखे एकपेशीय जीव आहेत, आणि आपल्याकडे सगळ्यांत लाडकं कारण म्हणजे दूध. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडलं की आजी मायेनं वाटीभर दूध जास्त देते आणि दुखणं वाढवून ठेवते.

मग घरच्यांनी करायचं काय? मोठं मांजर आहे, खेळतंय, खातंय, एक-दोनदा पातळ झालं आहे, तर दूध बंद करा, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्या आणि एक दिवस वाट पाहा. पण पिलू असेल, ओकत असेल, खाणं टाकलं असेल, किंवा मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टर विष्ठा तपासतील, रक्त तपासतील, शिरेतून सलाइन देतील, ओकारी थांबवतील आणि रक्तात शिरलेल्या जंतूंसाठी प्रतिजैविक देतील. पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूवर खात्रीचं औषध आजही नाही. मगज आणि आतडं पुन्हा कामाला लागेपर्यंत मांजराला तगवून धरणं, हाच उपचार. असे उपचार मिळूनसुद्धा साधारण निम्मीच वाचतात. पहिले पाच दिवस काढले, तर आशा बरीच वाढते. माणसांच्या पेटीतलं तापाचं पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये. एका गोळीनं मांजर मरतं, आणि तो मृत्यू विषाणूच्या खात्यावर लिहिला जातो.

राहिली स्वच्छता. मांजर आजारी पडलं की आपल्याकडे पहिली बाटली निघते ती फिनेलची. त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पाय ओल्या फरशीवर पडतात, मग मांजर पाय चाटतं. हाताला चोळायच्या स्पिरिटानं कोरोना मरतो, पार्व्होला त्याचं काहीच वाटत नाही. त्याच्यावर चालतं ते कपड्यांचं साधं ब्लीच. आधी घाण पुसून काढायची, मग एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर ब्लीच घालून ते फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं, धुऊन टाकायचं, आणि जागा कोरडी होईपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवायचं. ब्लीचमध्ये फिनेल किंवा संडास धुण्याचं अॅसिड मिसळू नका. त्यातून निघणारा वायू तुमच्याच छातीत जाईल. गादी, गोणपाट, लाकडी खोकं असल्या वस्तू धुऊन निघत नाहीत, त्या जाळून टाकलेल्या बऱ्या. आणि घरचं मांजर कधीच बाहेर जात नाही, मग त्याला लस कशाला, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या वहाणांकडे एकदा बघावं. रस्त्यावरचा विषाणू त्यांच्या तळव्यांना चिकटून घरात येतो.

शेवटी एक प्रश्न, जो मांजर गेलेल्या प्रत्येक घरातून येतो. मुलं रडत असतात, आणि वहिनी दारातच विचारतात, "दुसरं पिलू कधी आणू?" हा विषाणू घरातल्या फटीत, सतरंजीत वर्षभरसुद्धा टिकतो. तेव्हा पिलू आणायचंच असेल तर वर्ष जाऊ द्यावं. तेवढा धीर धरवत नसेल तर पिलाऐवजी वयात आलेलं, सगळ्या लसी पूर्ण झालेलं मांजर आणावं. अशी मांजरं लोकांना नकोशी असतात, त्यामुळे ती सहज मिळतात.